केसोपंतांचा समुद्र

तीर्थरूप दादांच्या चरणी पुण्याहून यज्ञेश्वराचा साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. संध्या एकदाही चुकत नाही. आईचा खोकला थांबला का?

आमच्या दफ्तरातले केसोपंत सरकारसाठी घोडे आणायला मस्कतला गेले होते, ते परतले. समुद्र ओलांडला म्हणून बुधवार पेठेत ब्राह्मणांची सभा बसली. त्यांना वाळीत टाका, असं सर्वांत मोठ्याने मीच म्हणालो.

सभेतले सर्वांत कर्मठ शास्त्रीबुवा मात्र म्हणाले, "मी यांच्या पंक्तीला बसणार नाही, तो माझा आचार. समुद्रापार जायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं." झालं. केसोपंत प्रायश्चित्तावर सुटले, वर सरकारातून शालजोडी मिळाली. आता रस्त्यानेसुद्धा गलबतावर असल्यासारखे डुलत चालतात.

मस्कतचं ते काम आधी मला सांगितलं होतं, हे आपण जाणताच. गेलास तर अन्न सोडीन म्हणालात, म्हणून मी राहिलो. आपला धर्म मी पाळला. त्याला शालजोडी मिळत नाही.

घरी सर्वांना नमस्कार. आशीर्वाद असू द्यावा.

केसोपंत समुद्राच्या गोष्टी सांगू लागले, की मी संध्येचं निमित्त करून उठतो आणि दाराआडून शेवटपर्यंत ऐकतो. हे आईला सांगू नये.