कमी सोडियमचं मीठ

बाबा, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली आणि माझा तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावते. तुमच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या, सोमवारी आणि गुरुवारी खामगावला डायलिसिस होतं, आणि डॉक्टरांनी तुमच्यासमोर, आईसमोर, माझ्यासमोर स्वच्छ सांगितलं होतं. आपण खातो त्यातलं पोटॅशियम लघवीवाटे बाहेर पडतं. यांना लघवीच होत नाही, तर ते जाणार कुठे? रक्तात साचतं. आणि साचलं की पहिला मार हृदयावर. केळं नको, संत्रं नको, टमाटा नको, नारळपाणी तर अजिबात नको. तुम्ही मान डोलावत होतात. कापसाच्या जिनिंगमध्ये तीस वर्षं वजनकाट्यावर बसलेला माणूस, वजन वाढवायला गाडीत मारलेलं किलोभर पाणी नुसत्या हाताने ओळखणारा. मला वाटलं, तुम्हाला कळलं.

आई बटाटे चिरते, तासन् तास पाण्यात भिजत ठेवते, उकळते, ते पाणी मोरीत ओतते आणि मग फोडणीला टाकते. डॉक्टरांनीच तसं शिकवलेलं. तुम्ही ताटावर बसता आणि म्हणता, "भाजी करून राह्यली का कपडे धुऊन राह्यली?" मी अकोल्याहून दर शनिवारी येते, आणि एका शनिवारी तुमच्या स्कूटरच्या डिक्कीत केळ्याची सालं सापडतात. चार. मी तुम्हाला लहान पोराला बोलावं तशी बोलले. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "तू माही माय हायेस का? मले काई होत नाई." चार केळी खाऊन काही झालं नाही, हाच तुमचा पुरावा. पोटॅशियम दुखत नाही, खुपत नाही, ताप आणत नाही. वाढलेलं कळतं तेव्हा बहुतेक उशीर झालेला असतो. हे मी तेव्हाच सांगितलं होतं. तुम्ही पेपर उघडलात.

मग ते मीठ. डॉक्टरांनी मीठही तोडलं होतं, आणि तुमचं सगळं रडगाणं तेवढ्याचंच होतं. अकोल्याच्या मॉलमध्ये मला एक पुडा दिसला. कमी सोडियमचं मीठ, वर लाल हृदयाचं चित्र. मी दोन घेतले. जेवताना तुम्ही वरणावर भुरभुरवलंत, एक घास खाल्लात आणि डोळे मिटलेत. "आता खरी पोरगी माही," म्हणालात. त्या आठवड्यात डायलिसिसला शेजारच्या खाटेवरच्यालाही सांगितलंत म्हणे, पोरीनं मीठ आणलं. मी किती खूश होते, ते आठवलं की अजून मला माझ्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

पंधरा दिवसांनी, रविवारी. गुरुवारचं डायलिसिस होऊन तीन दिवस झालेले, पुढचं दुसऱ्या दिवशी. सकाळी काका शहाळं घेऊन आले. तुमचा धाकटा भाऊ, साधा माणूस. आजारी माणसाला शहाळं द्यावं एवढंच त्यांना ठाऊक. आई आंघोळीला गेलेली. तुम्ही नाही म्हणाला नाहीत. दुपारी उठताना तुम्ही खाटेचा दांडा धरलात आणि म्हणालात, "हे पाय माहे नाईतच असं वाटून राह्यलं." ओठांना मुंग्या येत होत्या. दवाखान्यात ईसीजीच्या कागदावर रेषा तंबूच्या टोकासारख्या उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी इंजेक्शनं दिली, मशीन जोडायला घेतलं. नळी लावायच्या आत तुमचं हृदय थांबलं.

डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं होतं? आई काकांकडे बघून म्हणाली, "यानं नारळपाणी पाजलं." काका भिंतीला टेकून उभे होते. "वहिनी, मले कोणी सांगितलंच नाई वो," एवढंच म्हणाले. मिठाचं तेव्हा मला खरंच माहीत नव्हतं. तेराव्यानंतर स्वयंपाकघर आवरताना पुडा हातात आला आणि मी पहिल्यांदा मागची बाजू वाचली. मुंगीएवढ्या अक्षरांत. पोटॅशियम क्लोराइड. किडनीच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. सोडियम कमी करून त्या जागी काय घातलं होतं, तर हेच. पुढे एवढं मोठं हृदय छापायला जागा होती. दोन्ही पुडे मी मोरीत रिकामे केले आणि नळ सोडून उभी राहिले.

शहाळ्यानं झालं, की पंधरा दिवसांच्या मिठानं, की दोन्ही मिळून, कोणाला सांगता येणार? केळीही असतील, तुमचं काही सांगता येत नाही. तुम्ही त्या घासाला डोळे मिटायला नको होते. एकदा तरी विचारायचं होतं, यात काय आहे ग. मी विचारलं नाही, तुम्हीही नाही. आणि नऊ वर्षं आईनं काकांना उंबरा ओलांडू दिलेला नाही.

परवा काकांचा फोन आला. डोळ्याचं ऑपरेशन आहे, त्याआधी एकदा वहिनीला भेटून जातो म्हणाले. मी आईला विचारलं. ती तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "त्याले म्हणावं, पाजायले आता कोणी उरलं नाई." मी काकांना सांगितलं, आईला बरं नाही, पुढं कधीतरी या. "हाव, बाई," म्हणाले ते, आणि मला तब्येतीला जप म्हणाले.

हे पत्र खरं म्हणजे आईला लिहायला बसले होते. वर "बाबा" लिहिलं, कारण तुम्ही तिला मिठाचं सांगणार नाही.