एकशे तेहतीसच्या आत

३ नोव्हेंबर
कारखान्याच्या जेवणात बोलण्याच्या ओघात म्हणालो की शाळेत असताना मी रोज पळायचो. खोटं नाही, बस गाठायला पळायचोच. मालकांनी टाळी वाजवली आणि जानेवारीतल्या गावच्या एकिदेनमध्ये, त्या पाच जणांच्या टप्प्याटप्प्याच्या शर्यतीत, चौथा टप्पा माझ्या गळ्यात घातला. पाचवा हागिवारासानचा. सोया सॉसची पिंपं तेच सांभाळतात, मार्चमध्ये रिटायर होणार. शेवटचा टप्पा पळण्याचं त्यांचं हे शेवटचं वर्ष. मी जागेवर उभं राहून वाकून नमस्कार केला. दुसरं काय करणार?

४ नोव्हेंबर
मालकांना सांगितलं, गुडघा दुखतो. दुपारी त्यांनी स्वतःचा गुडघ्याचा पट्टा पाठवून दिला. संध्याकाळी बायकोने विचारलं, कुठला गुडघा. डावा म्हणालो. ऑफिसात उजवा सांगितला होता. लक्षात ठेवणे.

८ नोव्हेंबर
पाचही जणांना घड्याळं मिळाली, सोबत छातीला बांधायचा पट्टा. पळताना हृदयाचे ठोके मोजतो आणि आकडे थेट मालकांच्या फोनवर. म्हणजे मी पळालो की लोळलो, हे त्यांना नाश्त्यालाच कळणार. म्हशीच्या गळ्यात घंटा बांधतात तसला प्रकार. पुरता अडकलो.

९ नोव्हेंबर
सुटलो.
पॅकिंगमधली निशिझावा पहिला टप्पा पळणार आहे. पोरगी कॉलेजात शर्यती पळालेली. तिने सगळ्यांना प्लॅन दिला. बहुतेक दिवस सावकाशच पळायचं. एकशे ऐंशीतून वय वजा करा, ठोके त्याच्या आत ठेवा. आकड्याला टेकले की घड्याळ पीं करतं, की वेग कमी करायचा. अशाने हळूहळू दम वाढतो म्हणे. आठवड्यातून एकदा मात्र जोरात पळायचं, असंही काहीतरी म्हणाली. तोवर मी वजाबाकीत होतो. माझं वय सत्तेचाळीस. एकशे तेहतीस. सावकाश पळणं हेच शास्त्र आहे आणि इतकी वर्षं कोणी सांगितलं नाही.

१२ नोव्हेंबर, सकाळी ६
पुलाच्या चढावर पीं. चाललो. कुत्रं फिरवणाऱ्या एक बाई पुढे गेल्या. कुत्र्याने वळून पाहिलं. पाया पक्का होतोय.

१९ नोव्हेंबर
आज जोरात पळायचा दिवस. डोंगरावरून वारा सुटलाय. रद्द.

२६ नोव्हेंबर
जोरात पळायचा दिवस. वारा नाही, पण येईलसं वाटलं. रद्द.

२ डिसेंबर
परत येताना वाटेत कांद्याची पात चांगली दिसली, घेतली. बायको म्हणाली, "अहो, तुम्ही पळायला जाता की बाजाराला?" तिला शास्त्र समजावलं. ती पात चिरायला निघून गेली.

१० डिसेंबर
सकाळच्या सभेत मालकांनी माझं नाव घेतलं. महिनाभरात आकडा एकदाही न ओलांडणारा एकटा कुसाकाबे, म्हणाले, शिस्त याच्याकडून शिका. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हिशेबखात्यात एकवीस वर्षं काढली, असं कोणी कधी बोललं नव्हतं.
आता मात्र एकशे चौतीस होणं परवडणारं नाही.

१७ डिसेंबर
वर्ष सरण्याआधीची पार्टी. हागिवारासान शेजारी बसले. फार बोलत नाहीत, पण साके थोडी चढली की तासुकीवर येतात. तासुकी म्हणजे खांद्यावरून तिरका घालायचा तो कापडी पट्टा. एकाने पळत न्यायचा, दुसऱ्याच्या हातात द्यायचा, तेव्हाच तो सुटणार. आमची निळी आहे, कारखान्याचं नाव विणलेली. ते सांगत होते, शेवटी माझ्या हातात येते तेव्हा चौघांच्या घामाने जड झालेली असते. थंडीत तिच्यातून वाफ निघते. हातात घेतली की कळतं कोण कसं पळालं. मला हे जरा अनारोग्यकारक वाटलं, पण मान डोलावली.
आणि ठरलेल्या वेळेत तासुकी पोचली नाही तर? अधिकारी थांबत नाहीत. पुढच्या माणसाला आयोजकांची पांढरी तासुकी घालून सोडून देतात. हागिवारासानना ती एकदाही घालावी लागलेली नाही. "एवढ्या वर्षी सांभाळा, कुसाकाबेसान," म्हणाले आणि माझा पेला भरला.
मी म्हणालो, निश्चिंत राहा.

१ जानेवारी
कोतात्सूत, म्हणजे शेगडीवाल्या बुटक्या टेबलाच्या रजईत, पाय घालून बसलो होतो, तांदळाचे मोची-लाडू खात. ठोके अठ्ठावन्न. दम वाढल्याचा पुरावा.

७ जानेवारी
कारखान्याच्या फाटकावर आम्हा पाच जणांचा फोटो लागला. खाली नावं. न्हाव्याने पैसे घेतले नाहीत. मालकांना पुन्हा गुडघ्याची आठवण करून दिली, तर त्यांनी दुसरा पट्टाही पाठवला. बाहेर पडायला वाटच ठेवलेली नाही माणसाने.

१५ जानेवारी
निशिझावाने कोपऱ्यात गाठलं. तिची वेळ दोन मिनिटांनी सुधारली आहे. माझी विचारली. मी ठोके सांगितले. तिने माझ्या घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाली, "शर्यतीच्या दिवशी तो छातीचा पट्टा घरी ठेवून या. आकडा सरावासाठी असतो. त्या दिवशी फक्त पळायचं." तरुण आहे. तिची टाळ्यांची सभा झालेली नाही.

१९ जानेवारी, संध्याकाळी
शर्यत झाली. घडलं तसं लिहितो.
मालक सकाळी म्हणाले, फोनवर बघतोय हं. पट्टा बांधला.
निशिझावा दुसरी आली. तिसऱ्या टप्प्यानंतरही आपण सहावे होतो. तासुकी माझ्या हातात आली ती ओली, थंडगार. नुसतं उभं राहूनच माझे ठोके एकशे तीसवर होते, त्यामुळे चार पावलांत पीं. वेग कमी केला. एक संघ गेला. पुन्हा पीं. आणखी दोन गेले. पुलाचा चढ नेहमीप्रमाणे चाललो. रस्त्याच्या कडेने गावातली माणसं ओरडत होती. न्हावी सर्वांत मोठ्याने. एक आजी काठी आपटत म्हणाली, "अरे पळ की बाबा, प्रेत निघालंय का?" वारा बोचरा होता, पण मी घामाघूम वगैरे काही झालो नाही. तयारीचा फायदा.
शेवटच्या वळणावर हागिवारासान दिसले. रेषेवर उभे, हात पुढे केलेला. शेजारी अधिकारी, हातात पांढरी तासुकी, नजर घड्याळावर. हागिवारासान मला हाताने बोलावत होते. ओरडत नव्हते. मी जोर लावला. खरंच लावला.
पीं.
वेग कमी केला.
पांढरीवाल्यांना सोडण्याचा बार झाला. मी पोचलो तेव्हा त्यांची पाठ दिसत होती, त्यावर पांढरा पट्टा. रेषेवर माझ्या हातातून तासुकी घेणारं कोणी नव्हतं. अर्धा तास वाऱ्यात तशीच गळ्यात घालून उभा राहिलो.
पळून झाल्यावर ते परत आले. पांढरी घडी करून आयोजकांना दिली, वाकून. मग माझ्यासमोर हात धरला. मी निळी काढून दिली. त्यांनी ती दोन्ही हातांत घेतली, अंगठ्याने कापड चाचपलं.
"कोरडी आहे," म्हणाले.
रागावले नाहीत. मग तीच गळ्यात घालून फोटोला उभे राहिले. मला शेजारी उभं केलं.

२० जानेवारी
मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. फोनवर माझा कालचा आलेख. सगळा सपाट, एकशे तेहतीसच्या आत. फक्त एका ठिकाणी डोंगर. एकशे एकाहत्तर. त्यांनी त्यावर बोट ठेवलं. "निदान इथे तरी जीव तोडून पळालात. हे कुठलं?"
मी वेळ पाहिली. त्या वेळी मी उभा होतो. समोर हागिवारासान, त्यांच्या हातात तासुकी.
म्हणालो, "शेवटचं वळण."
मालकांनी फोन खिशात ठेवला. मग म्हणाले, हागिवारासान तर आता नसणार. पुढच्या वर्षी शेवटचा टप्पा तुमचा.
घरी येऊन बायकोला म्हणालो, गुडघा दुखतोय. कुठला, ते तिने विचारलं नाही.