ढोलीतली बाळंतीण

रविवार, २८ सप्टेंबर

गेले! एकदाची गेले! लेकीची जुनी ट्रॅकपँट, पायात बूट, पाठीला सॅक — अठ्ठावन्नाव्या वर्षी सुनीताबाई कर्नाळ्याच्या रानात! 'पायवाट' म्हणून आपल्या पनवेलमधलाच ग्रुप आहे. दर रविवारी कुठेतरी चालायचं, झाडं बघायची, पक्षी बघायचे. फुकट. आमचे विनायकराव म्हणाले, नवरात्रात घरात देव बसलेत आणि तू कुठे उंडारतेस? म्हटलं, तुम्ही आहात ना देवांच्या सोबतीला. चहा थर्मासमध्ये ठेवलाय.

पायांचे तुकडे पडलेत. पण इतकी हसले की गाल दुखतायत. कुणी विचारलं नाही मुलं काय करतात, फ्लॅट कितीचा. नुसतं, 'काकू, तिकडे बघा तिकडे!'

ग्रुप चालवते ती कादंबरी. पंचविशीची पोरगी, आवाज मात्र हेडबाईंचा. तिचा एक नियम आहे — घरटं दिसलं तर बघायचं आणि विसरायचं. फोटो नाही, जागा कुणाला सांगायची नाही. मी जोरजोरात मान हलवली. खरं तर अर्धं ऐकलंच नाही, समोर पिवळाधमक हळद्या पक्षी बसला होता!

रविवार, ५ ऑक्टोबर

आज शिरढोणच्या बाजूला. गावाच्या कडेला एक जुनी चिंच आहे, तिच्या बुंध्यात मोठी ढोली. आतून आवाज येत होता — कुकरची वाफ गळते ना, तसा. कादंबरीने खूण केली, मी वाकून बघितलं… पांढरंशुभ्र तोंड! गव्हाणी घुबड! मागे कापसाच्या बोळ्यांसारखी पिल्लं. माझ्या अंगावर काटा आला. मी लहानपणापासून घुबडाला घाबरत आले, आणि हे इतकं देखणं असतं हे कुणीच सांगितलं नव्हतं.

सगळे पुढे गेले तेव्हा फोटो काढला. एकच.

सोमवार, ६ ऑक्टोबर

माझ्या पोटात काही राहत नाही हे सगळ्या सोसायटीला माहीत आहे. भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकला फोटो. 'लक्ष्मीचं वाहन, दिवाळीच्या तोंडावर दर्शन!' बायकांनी कुठे कुठे म्हणून जीव खाल्ला, म्हणून लोकेशनही टाकलं. दिवसभर हात जोडलेले नुसते! मंडळात आज माझाच बोलबाला.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

पुण्याहून नणंदेचा मेसेज. माझाच फोटो, माझंच लोकेशन! खाली — 'अकरा जणांना पाठवा, धनलाभ होईल.'

रविवार, १२ ऑक्टोबर

चिंचेखाली जत्रा. नारळ, फुलं, उदबत्त्यांचे जुडगे. बुंध्याला साडी नेसवलेली. ओटी भरायला बायकांची रांग! ढोलीच्या तोंडाशी धूप जळत होता आणि आतला आवाज अगदी बारीक झाला होता.

मीच कादंबरीला सांगितलं, फोटो माझा आहे. ती म्हणाली, "काकू, या धुराने आई पिल्लं टाकून जाईल. आणि जागा कळली की घुबडं पकडून विकणारेसुद्धा येतात. सध्या तुम्ही येऊ नका."

घरी येईपर्यंत मला 'पायवाट'मधून काढलेलं होतं. हे म्हणाले, जाऊ दे, एक पक्षीच तर आहे. मी मोरीत जाऊन रडले. एक आई आणि तिची पोरं — माझ्या तोंडाळपणामुळे!

मंगळवार, १४ ऑक्टोबर

रिक्षा करून एकटीच शिरढोणला गेले. आधी नीट सांगून बघितलं. पक्ष्यांना त्रास होतो, धूर करू नका. ऐकतंय कोण! गावातली जनी म्हणून एक आहे, माझ्याच वयाची, कमरेला पदर खोचलेला. ती तर अंगावरच आली. "आमी काय दगड मारतो काय तिला? लक्ष्मी हाय ती."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, कुठून आलं देव जाणे —

"अहो, बाळंतीण आहे ती! सोयर आहे इथे, आणि तुम्ही पूजा कसली करताय?"

ताटं हातातल्या हातात राहिली. एक म्हातारी म्हणाली, बाळंतिणीला धुरी तर देतातच. म्हटलं, घरची बाई देते हो, परक्या बायका रांग लावून नाही देत! ओल्या बाळंतिणीच्या खोलीत गर्दी करतं का कुणी? दृष्ट लागत नाही का पोरांना?

जनीने पहिल्यांदा धूप विझवला. "मंग आदी नाय सांगायचं?" मलाच रागावली! बुंध्याची साडी सोडली, नारळ गोळा केले. मला हसूही येईना, रडूही येईना.

आवाज आहे का ते बघायला वाकले नाही. धीर झाला नाही.

शनिवार, १८ ऑक्टोबर

आवाज आहे! आहे! लांबूनच ऐकला!

जनीने चिंचेभोवती दोरी बांधलीय. खारघरहून गाडी करून दर्शनाला माणसं आली होती, त्यांना बाहेरूनच वाटेला लावलं. बाळंतीण हाय, नंतर या. नंतर कधी म्हणून विचारलं तर म्हणे, पोरं मोठी होऊन उडून गेल्यावर!

मंगळवार, २१ ऑक्टोबर. लक्ष्मीपूजन.

चिंचेच्या बाजूला म्हणे एक फटाका वाजला नाही. जनीने पोरांना दम दिलाय. मी घरच्या पूजेत निम्मा वेळ मनाने शिरढोणलाच होते. विनायकरावांनी विचारलं, बाळंतीण बरी आहे का? त्यांनी! आपणहून! करंजी जास्तीची वाढली.

रविवार, ९ नोव्हेंबर

उडालं! दिवेलागणीला एक पिल्लू ढोलीच्या काठावर आलं, डुगडुगलं, आणि हवेत! मग दुसरं. पंखांचा आवाज नाही, काही नाही. जनीने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठलाय. मागे कादंबरी उभी होती, कधी आली कळलंच नाही. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. घरी येऊन बघते तर 'पायवाट'मध्ये परत घेतलंय.

रविवार, १६ नोव्हेंबर

आज जासईच्या बाजूला चालताना मी जरा मागे राहिले, आणि मला एकटीला एक घरटं दिसलं. अंड्यांसकट! कुणाचं, कुठे — सांगणार नाही. कादंबरीलाही नाही सांगितलं. इथेही लिहीत नाही.