मला त्या फोटोतून काढ

१२ ऑक्टोबर, रविवार. लातूर.
संताप. शांतम्माने फेसबुकवर माझा फोटो टाकला. न विचारता, वर मला टॅग करून.

गेल्या महिन्यात देगलूरला तिच्याकडे गेले होते, तेव्हाचा. बसस्टँडसमोर दोघी भजी खात आहोत. ती हसते आहे. छान आली आहे. तिचे फोटो हॉस्टेलपासून छानच येतात. मी मात्र तोंड वासून, मिरची अर्धी आत, अर्धी बाहेर. माझा तेलकट हात तिच्या खांद्यावर. खाली लिहिलंय, 'माझी अठ्ठावन्न वर्षांपासूनची मैत्रीण, इंग्लिश मेम.' एकशे चौतीस लाइक. त्यातले सहा माझ्या ऑफिसचे.

एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात ट्रंक कॉल जोडले मी. अर्ध्या मराठवाड्याच्या सोयरिकी, भांडणं आणि मयती माझ्या कानातून गेल्या. ओठावर एक आली नाही. देवणीच्या डॉक्टरांचं प्रकरण सोडून. ते गावाला माहीतच होतं.

लगेच फोन केला. सांगितलं, मला त्या फोटोतून काढ. म्हणाली, "सुम्ने बस गं." तिच्या घरात कानडी, सुम्ने म्हणजे गप. "तुला काय पोरगं बघायला यायलंय का? ऱ्हाऊ दे. लई दिवसांनी हसलेली हाय मी त्यात." मध्ये मध्ये धाप. ही तिची जुनी युक्ती. शाळेत पीटी चुकवायला हेच करायची. फोन ठेवला.

१३ ऑक्टोबर. रात्रीचे दहा.
आजपासून माझं आयुष्य खाजगी. सगळी सेटिंग्ज स्वतः वाचून बदलली, कुणाची मदत न घेता. सिकंदराबादच्या कॉन्व्हेंट हॉस्टेलातल्या सिस्टरांचं इंग्रजी असं कामी येतं. प्रोफाइल लॉक. टॅग काढला. जन्मतारीख बदलून एक जानेवारी केली. अनोळखी नंबरचे कॉल वाजणारच नाहीत अशी व्यवस्था केली. तीन ग्रुप सोडले, हॉस्टेलच्या मुलींचासुद्धा.

शांतम्माचं प्रोफाइल मागच्या वर्षी मीच लॉक करून दिलं होतं, म्हणून निभावलं. नाहीतर अख्ख्या तेलंगणाने माझी मिरची बघितली असती.

१४ ऑक्टोबर.
फोटो अजून तिथेच आहे. शांतम्माला ब्लॉक केलं. फेसबुक, व्हॉट्सॲप, फोन, तिन्हीकडे. आठ दिवसांसाठी. हा राग नाही. शिस्त आहे. शाळेत सिस्टर ॲग्नेस आठ दिवस बोलायच्या नाहीत आणि मुलगी सुतासारखी सरळ यायची.

१७ ऑक्टोबर.
माफीचा एक शब्द नाही. माजोरी बाई.

भांडी घासताना कामाच्या धुरपताबाईने विचारलं, "देगलूरच्या बाईचा फोन न्हाई का ओ आला?" सांगितलं, ब्लॉक केलंय, पण माफी मागायची असती तर मागितली असती. तिने ब्लॉक म्हणजे काय ते विचारून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे आतून कडी घालायची, अन् वर म्हणायचं कोणी येईना." टेक्नॉलॉजी तिला कळत नाही.

२१ ऑक्टोबर. लक्ष्मीपूजन.
डबा आला नाही.

दर दिवाळीला शांतम्मा देगलूर-लातूर गाडीच्या कंडक्टरकडे करंज्यांचा डबा देते, फोन करून गाडीची वेळ सांगते आणि मी स्टँडवर जाऊन घेते. बत्तीस वर्षांत खंड नाही. खात्याचा संप होता त्या साली पण डबा आला होता. यंदा नाही. एका फोटोपायी करंज्या बंद केल्या. माणूस ओळखायला अठ्ठावन्न वर्षं लागतात ती अशी.

मला करंज्या आवडत नाहीतच. गोड कमी करायचं ठरवलंच होतं.

मोबाइलवर एका अनोळखी नंबरचे तीन मिस्ड कॉल. नंबराच्या शेवटी एक्केचाळीस. वाजले नाहीत. व्यवस्था चोख.

२२ ऑक्टोबर.
आठ दिवस संपले. शिक्षा चौदा नोव्हेंबरपर्यंत वाढवली. त्या दिवशी माझा वाढदिवस. सकाळी सहाच्या ठोक्याला तिचा फोन येतो म्हणजे येतो. तेव्हा मी गार आवाजात 'येस, हू इज स्पीकिंग' म्हणणार. दोनदा म्हणून बघितलं. छान गार येतो.

५ नोव्हेंबर.
तो एक्केचाळीस नंबर परत. चार दिवसांत अकरा कॉल. एक तर सकाळी सहाला. पेपरात रोज वाचते, एकट्या राहणाऱ्या बायका हेरतात, गोड बोलतात आणि खातं साफ करतात. मी हेरून घेणाऱ्यातली नाही. ब्लॉक केला. फार समाधान वाटलं.

धुरपताबाई म्हणे, "उचलून शिवी तरी द्यायची होती ओ. अकरा बार कोण लावतं?" चोर लावतात, म्हटलं.

१४ नोव्हेंबर.
पावणेसहालाच फोन घेऊन बसले. सहा. साडेसहा. आठ. चार्जिंग बघितलं. रेंज बघितली. लावलेली सेटिंग्ज मला पाठ आहेत, तरी वाटलं, मनात असतं तर बाईने काहीतरी मार्ग काढला असता. हॉस्टेलात मला ताप आला होता तेव्हा सिस्टरांची नजर चुकवून खिडकीतून आली होती.

फेसबुकवर एकाही माणसाने शुभेच्छा दिल्या नाहीत. जन्मतारीख पूर्ण सुरक्षित आहे.

धुरपताबाईने पदरातून दोन पेढे काढले. विचारलं, तुला कुणी सांगितलं? म्हणाली, "कोणी कशाला सांगंल? दरसाली या दिशी सकाळी तुम्ही हसत दार उघडताव. आज न्हाई उघडलं, तवा म्हणलं पेढा तरी द्यावा." पेढा जरा खवट होता. डोळ्यात पाणी आलं.

२६ नोव्हेंबर.
पोस्टाने पाकीट आलं. अक्षर गुरुबसप्पांचं, शांतम्माच्या यजमानांचं. वाटलं, आता नवऱ्याकरवी माफी मागते आहे. चहा केला, चष्मा पुसला, निवांत फोडलं.

कार्ड आहे. 'लिंगैक्य शांतम्मा. ९ नोव्हेंबर.' त्यांच्यात गेलेल्या माणसाला लिंगैक्य म्हणतात. वर फोटो. तोच, भज्यांचा. ती हसते आहे. शेजारी कुणी नाही, नुसता निळा रंग भरलाय. खांद्यावर एक हात राहिलाय, मनगटापासून पुढचा. तेलकट.

खाली तिच्या मुलाचा, शिवकुमारचा नंबर. शेवटी एक्केचाळीस.

मी नंबर विसरत नाही. सगळं ऑफिस सांगेल.

तो ब्लॉक काढला आणि फोन लावला. माझा आवाज शिवकुमारने ओळखला. मग म्हणाला, "मावशी, कुठं होतीस गं?" नंबर त्याने दसऱ्याला बदलला होता. दिवाळीला तिचा फोन लागेना म्हणून मायलेक त्यावरून मला लावत होते, डबा घे म्हणून. डबा लातूरला दिवसभर स्टँडवर राहिला आणि परत गेला. ती म्हणाली, मेम गावाला गेली असेल. मग दम वाढला, नांदेडला दवाखान्यात नेलं. तिथून रोज लावायची. "आम्ही म्हणायलोत, सोड आता. तर म्हणे, बत्तीस वर्षं माझा डबा घेतलाय तिनं, अन् सारी जिंदगी लोकांचे फोन जोडले. माझा उचलणार न्हाई का? लाव, आणखी एक बार लाव."

फोटोचं विचारलं. म्हणाला, तिनेच सांगून ठेवलं होतं. हाच लावा. फक्त मेमला त्यातून काढा, तिला आवडत नाही.

हात काढता आला नाही म्हणाला. काढला तर आईचा खांदा जात होता.

२७ नोव्हेंबर. पहाटे.
ब्लॉक उघडला, तिन्हीकडचा. वाटलं, आतापर्यंतचं सगळं एकदम येऊन पडेल. काही आलं नाही. नियम वाचला. ब्लॉक असताना पाठवलेलं नंतर येत नाही. इंग्रजीत अगदी स्पष्ट लिहिलंय. मी तेवढी ओळ वाचली नव्हती.

फेसबुकवर तिचं नाव शोधलं. सापडली. पण आत जाता येत नाही. ब्लॉक केलं की मैत्री तुटते, ती आपोआप जुळत नाही. प्रोफाइल लॉक आहे. मैत्रिणींखेरीज कुणाला फोटो दिसणार नाहीत. पक्कं केलंय. मीच केलंय.

ज्यात मी आहे तो फोटो आत आहे.

पावणेसहा.
माझी जन्मतारीख खरी केली. अनोळखी कॉल वाजू दिले. मग तिला फ्रेंड रिक्वेस्ट पाठवली.

सहा वाजून गेले. उत्तर नाही.

रागावली असेल. आठ दिवस वाट बघते.