लूम बंद झाल्यावरचा आवाज

गोडादरा, सुरत
रविवार

प्रिय धनश्री,

सुकलालच्या हातून पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. माझे हातपाय धड आहेत, ताप नाही, जेवणही जातं. तो भाच्याच्या लग्नाला शिरपूरला निघालाय, तेव्हा हे तुझ्याच हातात देईन असं त्याच्याकडून कबूल करून घेतलंय. मेसेज टाकता आला असता, पण घरचा मोठा फोन भाऊकडे असतो आणि आपल्याकडे एकाला आलेला मेसेज सगळं घर मोठ्यानं वाचतं. हे फक्त तुझ्यासाठी आहे.

खोलीत आम्ही सगळे आपल्याच बाजूचे. पाळी सुटली की कोणी कळण्याच्या भाकरी थापतो, कोणी ठेचा करतो आणि अहिराणीत गप्पांना ऊत येतो. पूर्वी त्यात सर्वांत मोठा आवाज माझा असायचा. आता मी भिंतीला टेकून बसतो आणि सगळे हसले की हसतो. एकदा सगळे गप्प झाले तरी मी हसतच राहिलो. मग कळलं, भाईदास त्याच्या आजारी आईचं सांगत होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. त्यानंतर मला कोणी गप्पांत ओढत नाही. त्यांना राग नाही, कंटाळा आलाय. तीच गोष्ट तीनतीनदा कोण सांगेल?

नवा नवा आलो तेव्हा कापडाच्या खात्यातले लूम बंद झाल्यावरही त्यांची खडखड कानात चालूच राहायची. जेवताना, अंघोळ करताना, गादीवर पडल्यावरसुद्धा. सगळे म्हणाले, सवय होईल. मीही तेच धरून बसलो. पण ती खडखड कानात मुक्कामालाच आली आणि बाकीचे आवाज एकेक करून उठून गेले. आधी कुकरची शिट्टी गेली, मग चिमण्या, मग गल्लीतल्या पोरांचे आवाज. पोरं समोर खेळताना दिसतात, तोंडं उघडतात, मिटतात. परवा मागून टेम्पो आला आणि अगदी अंगाला घासून थांबला. ड्रायव्हर खाली उतरून काय काय बोलला देव जाणे. मी नुसते हात जोडले.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरनं कानात घालायचे थेंब दिले, मळ असेल म्हणाला. थेंबांनी काही झालं नाही, म्हणून वस्तीजवळच्या सरकारी दवाखान्यात गेलो. नाव सांगून बाकावर बसलो. माणसं येत होती, जात होती, माझ्या मागून आलेलीही आत जाऊन औषध घेऊन निघाली. मला वाटलं, आपण परके, आपली पाळी शेवटी. दवाखाना बंद व्हायला आला तेव्हा सिस्टरनं येऊन खांदा हलवला. माझं नाव कितीदा तरी पुकारलं होतं म्हणे. तिच्या तोंडाला मास्क, त्यामुळे ओठही दिसेनात. तिला वाटलं मला गुजराती येत नाही, म्हणून ती हिंदीत बोलली, मग हातवारे करून सांगितलं की उद्या बोलता येणारं कोणीतरी सोबत आण. धनश्री, मी कोणाला नेणार होतो? प्रत्येकाची पाळी, खाडा झाला की मजुरी गेली.

दुसऱ्या दिवशी एकटाच गेलो. या वेळी दारालाच चिकटून उभा राहिलो आणि डॉक्टरबाई दिसल्याबरोबर कानाकडे बोट केलं. वयानं माझ्या बहिणीएवढी, आपल्या पूजाएवढीच असेल. तिनं मास्क खाली केला, खुर्ची समोर ओढली आणि सावकाश विचारलं, “कौनसा काम करते हो, भैया?” मला सगळं कळलं. किती दिवसांनी कोणीतरी माझ्या तोंडाकडे बघून बोललं होतं. “लूम पर,” मी म्हणालो. तिनं कान तपासले, मोठ्या हॉस्पिटलला चिठ्ठी दिली आणि खात्यात उभं राहताना कान झाकायचे, असं पुन्हा पुन्हा बजावलं.

सुट्टी मागितली तर मुकादम हसला. माझ्या कानाला तोंड लावून ओरडला, “अहीं कोने संभळाय छे, भाई?” इथे ऐकू येतं कोणाला, असं. मी मागे वळून पाहिलं. खातंभर माणसं खुणांनी बोलत होती. मला वाटायचं आवाजामुळे बोलतात तशी. त्यातले जुने कारीगर बाहेर चहाच्या टपरीवरही तसेच बोलतात, हे तेव्हा ध्यानात आलं.

तरी खाडा करून गेलो. मोठ्या हॉस्पिटलात एका काचेच्या खोलीत बसवलं, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. थोडे आवाज आले तेव्हा दाबलं, मग अंगठा ठेवून बसलो, म्हटलं पुढचे अजून यायचे असतील. थोड्या वेळानं दार उघडून तपासणाऱ्या मुलीनं हातानं खूण केली, झालं. अर्ध्याहून जास्त आवाज माझ्यापर्यंत पोचलेच नव्हते. गेलं ते परत येणार नाही, असं लिहून दाखवलं. कानात घालायच्या यंत्रानं थोडं भागेल. पण ते मिळायला इथल्या पत्त्याचा कागद लागतो आणि खोलीमालक तो देत नाही. डॉक्टरबाई काहीतरी खटपट करते आहे. तोवर कानात बोळे घालून उभा राहतो. दुसरं काम मिळालं तर हे सोडेन.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. फोनवर तू बोलतेस ते मला बरेच दिवस कळत नाही. तुझी रीत पाठ आहे, आधी जेवण, मग आईचे गुडघे, मग आपल्या चंचलची शाळा, त्या अंदाजानं मी “हो”, “बरं”, “जेवलो” म्हणत आलो. पण मागच्या फोनवर तू रीत सोडून बोललीस. खूप वेळ बोललीस. शब्द एकही धरता आला नाही, एवढंच कळलं की तू रडत होतीस किंवा रडू आवरत होतीस. मग थांबलीस, काही विचारून उत्तराची वाट बघावी तशी. आणि मी म्हणालो, “हो, चालेल.” त्यानंतर तुझा फोन नाही. मी लावला तर कोणी उचलत नाही. धनश्री, तू काय विचारलं होतंस? माहेरी जायचं का, चंचलचं काही, आईशी काही झालं, का आणखी काही? मी कशाला हो म्हणालो ते मला माहीत नाही. सुकलाल चार दिवसांनी परत निघेल, त्याच्याजवळ तुझ्या हातानं लिहून दे. जे विचारलं असशील त्याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही, असं समज आणि तोवर काही करू नकोस.

तुझाच,
वाल्मिक