तीनशे किलोंची तरतूद

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.१५

निर्णय झाला. गाडीला लिफ्ट बसवायची. म्हणजे स्प्रिंग बदलून गाडी दोन इंच वर घ्यायची. स्वस्तात, पण शास्त्रशुद्ध.

कारणं लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर तोंडावर मारता येतील. फोर बाय फोर घेऊन चार वर्षं झाली. एवढ्या काळात ती एकदाच रस्ता सोडून खाली उतरली, तीही समोरून टँकर अंगावर आला म्हणून. काल ऑफ-रोडवाल्यांच्या ग्रुपवर ॲडमिनने माझ्या गाडीचा फोटो बघून लिहिलं, छान आहे, भाजी आणायला. सतरा जणांनी हसणारे चेहरे टाकले. मीही एक टाकला. पण लागलं.

गाडी रोजच्या वापरातली आहे हे ध्यानात ठेवूनच सगळं करणार. सकाळी हिला ऑफिसच्या वाटेवर सोडायचं असतं. सोम-बुध-शुक्र आठला बाबांना फिजिओथेरपीला न्यायचं असतं. खुब्याच्या ऑपरेशनला तीन महिने झाले. ताईचं टुमणं चालू आहे की बाबांना तिच्याकडे पाठवा, तिचं घर तळमजल्यावर आहे. मी ठणकावून सांगितलं, इथे दारात गाडी आहे, ती चालवणारा मुलगा आहे, बाबा कुठेही जाणार नाहीत. गाडी हाच आपला मुद्दा. गाडी सुधारली की मुद्दाही पक्का होणार.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

बाबांना जाता जाता सांगितलं. बाबा तीस वर्षं बसवर ड्रायव्हर होते. घरात त्यांच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे दात उपटण्याइतकं कठीण, पण गाडीत पुढे बसले की सुटतात. कुठल्या घाटात ब्रेक गेले, कुठला कंडक्टर उभ्याउभ्या झोपायचा, आईला पहिल्यांदा बसमध्येच कसं पाहिलं. ही शेवटची गोष्ट मला गेल्या महिन्यात कळली. माझं वय सेहेचाळीस.

लिफ्टचं ऐकून त्यांनी विचारलं, गाडीत वजन किती असतं? म्हटलं, तुम्ही आणि मी. मग आहे ते ठीक आहे, म्हणाले. कडक स्प्रिंगवर रिकामी गाडी उडते.

बसचं शास्त्र वेगळं असतं, हे मी त्यांना नीट समजावलं. ते हो म्हणाले.

१० फेब्रुवारी, मंगळवार

तीन कोटेशन मागवली. वीस वर्षं खरेदी खात्यात काढली ती काय उगाच?

एक: जुन्याच स्प्रिंगवर रबरी चकत्या. अगदी स्वस्त. आमच्या कोपऱ्यावरचा मेकॅनिक म्हणतो, रोजच्या गाडीला हेच करा आणि गप्प बसा. ॲडमिन म्हणतो, चकत्या म्हणजे फसवणूक. दोन: स्प्रिंग, शॉकॲब्सॉर्बर, सगळा संच बाहेरून मागवलेला. आकडा ऐकून ही म्हणाली, त्यात स्वयंपाकघर नवं होतं. तीन: पुढे नव्या स्प्रिंग, मागच्या स्प्रिंगला जास्तीचा पोलादी पाटा, शॉकॲब्सॉर्बर जुनेच ठेवायचे.

आमच्या खात्याचा नियम असा की सगळ्यात कमी दराचं घ्यायचं, पण स्पेसिफिकेशन असं लिहायचं की आपल्याला हवं तेच सगळ्यात कमी दराचं ठरावं. त्याप्रमाणे तक्ता केला. तीन नंबर निवडून आला.

१४ फेब्रुवारी, शनिवार

विक्रेत्याचा फॉर्म भरला. त्यात एक प्रश्न: गाडीत कायमचं जास्तीचं वजन किती? पर्याय शून्य, दीडशे, तीनशे किलो. तिन्हींचा दर एकच!

एकच दर असताना शून्य कोण घेईल? आणि खरेदीत आजची गरज बघतच नाहीत, पुढच्या पाच वर्षांची बघतात. पुढे लोखंडी बंपर येणार. रुतलेली गाडी दोराने ओढून काढणारी विंच येणार. टपावर कॅरिअर, तंबू, पाण्याची टाकी, दुसरी स्टेपनी. हिशेब दोनशे नव्वदपर्यंत गेला. दहा किलो अडीअडचणीला.

तीनशेवर खूण केली. सध्या गाडीत एक छत्री आहे.

२० फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळी

बसली! मेकॅनिकने गाडी खाली सोडली आणि डोकं खाजवलं. दोन इंच वर यायला हवी होती, साडेतीन आली. वजन कुठाय, असं विचारत होता. म्हटलं, येतंय. दोन इंचांच्या पैशांत साडेतीन इंच, ह्याला म्हणतात खरेदी.

त्यातच दारांखालच्या पायऱ्याही काढून टाकल्या. खाली लोंबत होत्या, खडकाला लागल्या असत्या. खडक अजून बघितलेला नाही, पण तयारी असावी. फोटो टाकला. एक्केचाळीस अंगठे. भाजीचं नाव कुणी काढलं नाही.

२३ फेब्रुवारी, सोमवार

बाबांची पहिली फेरी. सीट त्यांच्या छातीशी येते. वॉचमनने एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या, खाली न्हाणीतलं प्लॅस्टिकचं स्टूल. तिसऱ्या प्रयत्नात चढले. पायाला व्यायामच झाला, नाहीतरी थेरपीत तेच करून घेतात.

रस्ताभर दोन्ही हातांनी वरची कडी धरून बसले होते. बोलले नाहीत. नव्या उंचीवरून रस्ता बघत असावेत.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

ही आजपासून बसने जाणार. म्हणते, ऑफिसात पोचेपर्यंत पोटातलं ओठांत येतं. बायकांना बदल लवकर पचत नाही. ॲडमिनने सांगितलंय, स्प्रिंग मुरायला हजार किलोमीटर जावे लागतात. सत्याऐंशी झाले.

बाबा आजही गप्प. मी मुद्दाम त्या झोपाळू कंडक्टरचा विषय काढला. हो, होता एक, एवढंच म्हणाले. तेवढ्यात स्पीड ब्रेकर आला.

४ मार्च, बुधवार

थेरपीवाल्या बाईंनी विचारलं, दुखणं परत का वाढलं? बरं चाललं होतं की. बाबा म्हणाले, रात्री अवघडून झोपलो.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मीही मान डोलावली.

७ मार्च, शनिवार

मेकॅनिककडे गेलो. तो म्हणाला, शून्य किलोच्या स्प्रिंग घ्या, ह्या परत देऊ, विक्रेता महिनाभर बदलून देतो, अर्ध्या दिवसाचं काम. पायऱ्याही परत लावून देतो म्हणाला, फुकट.

मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण शून्य किलो! उद्या विंच आली की काय तोंड दाखवणार? ग्रुपला काय सांगू, वडील चढेनात म्हणून उतरवली? आणि दोष स्प्रिंगचा नाहीच. दोष वजनाचा आहे, जे अजून आलेलं नाही. स्प्रिंग बदलण्यापेक्षा वजन आणणं सोपं. वाळूची तीन पोती घेतली आणि मागे टाकली. फरक पडला. पुरता नाही, पण पडला.

९ मार्च, सोमवार. रात्री

पोत्यांमुळे मागे बाबांचा वॉकर मावेना. तो त्यांच्या मांडीवर दिला. रेल्वेच्या रुळांवर एक पोतं फुटलं. क्लिनिकच्या दारात बाबांना उतरवलं तेव्हा त्यांच्या चपलेतून वाळू सांडत होती. रिसेप्शनवाल्या मुलीने विचारलं, काका, समुद्रावर गेला होतात का? बाबा हसले. ते हसले म्हणून मीही हसलो.

संध्याकाळपर्यंत पोती काढून टाकली. शुक्रवारी ग्रुपची ट्रिप आहे, नदीच्या पात्रात. तिथे रिकामी गाडीच बरी.

१३ मार्च, शुक्रवार. दुपारी

रजा टाकली होती. बाबांना न्यायला ताईच्या यजमानांना सांगितलं. भाऊजींची गाडी म्हणजे चार चाकांची आगपेटी, जमिनीला पोट लागतं. म्हटलं, एक दिवस घेतील चालवून.

सहाला निघून ठरलेल्या पेट्रोल पंपावर पोचलो. मी एकटाच. सव्वासातला ॲडमिनचा मेसेज: रात्री पाऊस पडल्यामुळे नदीच्या वाटेवर चिखल आहे, सबब ट्रिप रद्द.

टायरमध्ये हवा भरून घेतली आणि परत आलो.

दुपारी भाऊजींचा फोन. सगळं व्यवस्थित झालं म्हणाले. बाबा दार उघडून आपले आपण बसले, हात लावू दिला नाही. आणि मग म्हणाले, काय हो, तुमचे बाबा किती बोलतात! त्यांनी सासूबाईंना पहिल्यांदा बसमध्येच पाहिलं, तुम्हाला माहीत होतं का?

माहीत होतं, म्हटलं. फोन ठेवला.

१६ मार्च, सोमवार

पावणेआठला किल्ली घेऊन खाली उतरलो तर आगपेटी फाटकाशी उभी. बाबा पुढच्या सीटवर, पट्टा लावून तयार. म्हणाले, उगाच तुझी धावपळ. ऑफिसला उशीर होतो तुला.

चार महिन्यांत मला एकदाही उशीर झालेला नाही. होत असता तरी काय बिघडलं असतं?

२२ मार्च, रविवार. संध्याकाळी

ताई आली होती. चहाचा कप खाली ठेवायच्या आत विषय काढला. मी नेहमीचा मुद्दा मांडला: दारात गाडी आहे, चालवणारा मुलगा आहे. ताई म्हणाली, हो रे, पण बसणारा माणूस त्यात चढायला नको का? तिचे यजमान वीस मिनिटं उलट्या दिशेने येऊन बाबांना नेतात, त्यापेक्षा बाबाच तिकडे असले तर काय वाईट?

मी हिच्याकडे पाहिलं. ही बश्या गोळा करायला लागली.

शेवटी म्हटलं, बाबांनाच विचारू. मला खात्री होती. बाबांनी गुडघ्यावर हात चोळला. मग म्हणाले, जातो थोडे दिवस, बरं वाटेपर्यंत. आणि माझ्याकडे बघून म्हणाले, तू गाडी चांगली केलीस हो, फक्त माझं वय झालं.

ओरडून सांगावंसं वाटलं की वय नाही, साडेतीन इंच! त्याऐवजी गच्चीत जाऊन मेकॅनिकला फोन लावला, शून्यवाल्या आण, आत्ताच्या आत्ता आण, पायऱ्याही लाव. तो म्हणाला, साहेब, बदलायची मुदत परवाच संपली. नव्या घ्यायच्या तर माल यायला दोन महिने. सगळ्यांना त्याच हव्या असतात.

२९ मार्च, रविवार. संध्याकाळी ६.३०

बाबांचं सामान पोचवलं. लोखंडी पलंग, गादी, छोटं कपाट, ट्रंक, व्यायामाची सायकल, टीव्ही. टेम्पो करूया म्हणत होती ताई. मी म्हटलं, दारात गाडी असताना टेम्पो कशाला.

सगळं चढवलं आणि गाडी सावकाश खाली बसली. निघालो, आणि काय चालली म्हणून सांगू! लोणी. रेल्वेचे रूळ आले कधी, गेले कधी, कळलं नाही. स्पीड ब्रेकरवर नुसतं एकदा हलकं डोलली. वजनाचा अंदाज घेतला, तीनशेच्या आसपास भरत होतं. म्हणजे स्पेसिफिकेशन तंतोतंत बरोबर होतं. हे कुणाला तरी सांगायला हवं होतं म्हणून शेजारी वळलो. शेजारच्या सीटवर टीव्ही होता, पट्टा लावलेला.

बाबा भाऊजींच्या गाडीत, माझ्या पुढे. मागच्या काचेतून त्यांचा हात दिसत होता, वळणं घेत काहीतरी सांगत होता. घाटाची गोष्ट असणार. सिग्नलला मुद्दाम त्यांच्या अगदी बाजूला नेऊन गाडी उभी केली आणि खाली पाहिलं. एवढ्या उंचावरून त्यांच्या गाडीचं नुसतं छत दिसलं.

ताईकडे सामान उतरवलं. पलंग मीच जोडला. निघताना म्हटलं, उद्या मी येतो न्यायला. बाबा म्हणाले, अरे कशाला, हे आहेत ना. आणि पाठीवर हात ठेवला. बाबा पाठीवर हात ठेवणाऱ्यांतले नाहीत. फार वाईट वाटलं. मी काय करून बसलो हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि त्यांनी मला एका शब्दाने लागू दिलं नाही.

येताना रिकामा. घरापर्यंत उडत आलो. हिने विचारलं, बाबा नीट पोचले ना? म्हटलं, आरामात.

आत्ता ग्रुपवर ॲडमिनने विचारलंय, पुढच्या रविवारी नदीवर जायचंय, कुणाच्या गाडीत जागा आहे का. मी लिहिलं, माझ्या गाडीत आहे. चारही सीट रिकाम्या आहेत.