खरवडायचं की लेसर

तीर्थरूप गोपालकृष्ण भावोजींच्या चरणी तंजावरहून सांबशिवाचा साष्टांग नमस्कार. पुण्यात तुमचं आणि ताईचं, गुडघ्यांसकट, सारं ठीक असावं. इथे सर्व क्षेम आहे. फक्त मला लघवीची नळी लावली आहे.

घडलं असं. तिरुवैयारूला कचेरी होती (गाण्याची, आमच्याकडे मैफिलीला कचेरीच म्हणतात). मी पहिल्या रांगेत. आलाप सुरू होताच उठावं लागलं. येऊन बसलो, पुन्हा उठलो. तिसऱ्यांदा उठलो तेव्हा गायकाने माझ्याकडे पाहून राग आवरता घेतला. बाहेर एका गृहस्थाने माझा हात धरला, "सर, तुमच्यासारखे परखड जाणकार आता राहिले नाहीत." मी नुसती मान हलवली. पोट फुगलं होतं नि थेंब उतरत नव्हता. आमच्या सौ. वेंकूने तिथूनच मला ऑटोत घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टर नंदिता तुमच्या लेकीच्या, विनुताच्या वयाची. तिने नळी घातली त्याच क्षणी मी तिला शतायुषी होण्याचा आशीर्वाद दिला. तपासण्या झाल्या. कर्करोग नाही, प्रोस्टेट वाढली आहे. "इतकी वाढेपर्यंत तुम्ही काय करत होता?" वेंकूने विचारलं. (मी काय करणार होतो?) डॉक्टरीण म्हणाली, दुर्बीण घालून आतून खरवडता येते, लेसरने संत्र्याच्या गरासारखी सोडवता येते, फारच मोठी असली तर पोट उघडतात. वेंकूने रेशमी लुगडं निवडावं तशी चौकशी केली: कुठलं टिकतं, कुठलं पुन्हा करावं लागतं. मी रक्त पातळ करायची गोळी घेतो, म्हणून लेसर बरा, असं दोघींचं ठरलं. मला कुणी विचारलं नाही. मी लघवीची पिशवी धरून बसलो होतो.

ही पिशवी मी आमच्या लेकीच्या, जननीच्या लग्नात पाहुण्यांना वाटलेल्या पिवळ्या कापडी पिशवीत घालून हिंडतो. तिच्यावर वधूवरांची नावं छापलेली आहेत. बाजारात लोक लग्न कसं झालं म्हणून विचारतात. उत्तम झालं, सांगतो.

शस्त्रक्रिया पुढल्या शुक्रवारी. काळजीचं कारण नाही.

आपला,
सांबशिव

ता. क. इथे सर्वांना हर्निया सांगितलं आहे. फोनवर तेच विचारावं.

आणखी एक. गेल्या वर्षी तुम्ही मुतखड्यासाठी दाखल झालात, तो मुतखडा नव्हता, हे ताईने वेंकूला तेव्हाच सांगितलं. रागावू नका. फक्त खरं सांगा, नळी काढताना कितपत दुखतं? आणि जमलं तर गुरुवारपर्यंत याच. तुम्ही बरोबर असलात तर मी आपल्या पायांनी आत जाईन.